खरखर

मला स्पॅनिश कळत नाही.
मी काचेअलीकडे बसतो, काट्यांवर नजर ठेवतो
आणि कुणी फार जोरात रडू लागलं
तर त्याला जरा मागे ओढतो. एवढंच माझं काम.

ब्राँक्समधलं तळघर. फेब्रुवारी.
हीटर बंद ठेवावा लागतो, कारण तो खोकतो.
ओतोनिएल कोट घालूनच वाजवत होता.
प्रत्येक गाण्याआधी सॅक्सोफोन कोटाच्या आत घ्यायचा,
कोंबडीने अंडं घ्यावं तसा.

सात बोलेरो झाले होते. जुनी गाणी,
त्याच्या बेटावर न्हाव्यालासुद्धा तोंडपाठ.
गळ्याची जागा पितळेने घ्यायची
म्हणजे शब्द सोडायचे, शब्दांचा श्वास सोडायचा नाही.
"स्वल्पविराम चुकला," तो म्हणायचा,
"तर माझी आत्या थडग्यातून उठून कान पिळेल."

आठव्यात, तिसऱ्या कडव्याला, तो मधेच थांबला.
आठ मात्रा. मग पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.
पियानोवर इल्देमारो एकटाच पुढे गेला,
गर्दीत बोट सुटलेल्या पोरासारखा.
पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा इल्देमारोने झाकण आपटलं:
"इथे एक ओळ आहे, बाबा. अख्खी ओळ!"

ओतोनिएलने रीड काढली, शर्टाला पुसली.
"असेल. मी कधी ऐकली नाही."

मग सांगितलं, रीड जिभेवर भिजवत, तुटक तुटक.
मायागुएस. ट्यूना डबाबंद करणाऱ्या कारखान्यासमोरची खाणावळ.
बाप, एवारिस्तो, ज्यूकबॉक्स दुरुस्त करायचा,
आणि मजुरी म्हणून दोन वेळचा भात-राजमा.
त्या तबकडीवरची ती एक ओळ
कुणीतरी सुरीने खरवडून काढली होती.
कोण, का, कुणाला ठाऊक नाही. ओळीने काहीतरी केलं असणार.
सुई तिथे आली की गळा बुडायचा
आणि नुसती खरखर, कढईत मासा सोडल्यासारखी.

नवी तबकडी आणायची राहिली,
आणि मग कुणाला नकोच झाली.
पाळी सुटली की बाया यायच्या,
डोक्याला जाळी तशीच, नखांत खवले.
नाणं टाकायच्या. *तू परत आलास तर*
इथवर बाई गायची, पुढे खरखर,
आणि त्या खरखरीत जिला जे सुचेल ते ती ओरडायची:
थकलेलं भाडं घेऊन ये!
आईला तिकडेच ठेव!
दात लावून ये रे, मेल्या!
खरखर संपली की पुन्हा बाईचा आवाज: *मीठ*.
सगळ्या टेबलं बडवत हसायच्या.

देल्फिना म्हणून एक होती, नवरा शिकागोला गेलेला.
तिची पाळी आली, सगळ्या गप्प झाल्या.
तिने नुसते ओठ हलवले.
"मी नऊ वर्षांचा, टेबलाखाली," ओतोनिएल म्हणाला,
"मला वाटलं, मलाच ऐकू आलं नाही."

इल्देमारो हळूच खरी ओळ सांगायला लागला.
ओतोनिएलने हात वर केला.
"नको. ती एका माणसाची आहे."

चौथ्यांदा घेतलं.
*तू परत आलास तर*, आणि त्याने फुंकर थांबवली,
बोटं थांबवली नाहीत.
रिकाम्या नळीवर किल्ल्या उघडत, मिटत राहिल्या,
चामड्याच्या गाद्यांची थप थप थपथप,
कुणीतरी ओठ हलवतंय, दात न दाखवता.

अशा आवाजांना मी आयुष्यभर पुसत आलो.
त्या दिवशी माझा हात आपोआप वर सरकला,
काटा तांबड्यापर्यंत नेला.
मग सॅक्सोफोन परत आला, एकच सूर,
मिठासारखा.

एप्रिलमध्ये कंपनीकडून चिठ्ठी आली:
आठवं गाणं, दोन मिनिटं अकरा सेकंद,
यांत्रिक गोंगाट, कृपया साफ करावा.
मी उलट कळवलं:
गोंगाट नाही.
कारखाना सुटलाय.